चौदा नंबरचं वाण

शनिवार, १० जानेवारी. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी सात नंबरच्या डुकरिणीची पिल्लं ओकली. पिल्लं दहा, वय चार दिवस. आधी दोन ओकली, पाच मिनिटांत बाकीची. ओकलेलं दूध दह्यासारखं फुटलेलं होतं. आठ वाजता त्यांच्या मागून पिवळं पाणी वाहू लागलं. दुपारी शेजारी, तीन नंबरच्या डुकरिणीच्या गाळ्यातही तेच दिसलं. तिथे अकरा पिल्लं होती, दोन दिवसांची.

पहिल्यांदा पाहिलं संजनाने. तिच्या हातात कोंड्याची बादली होती. तिने बादली तिथेच ठेवली आणि नवऱ्याला, संघर्षला, हाक मारली. संघर्ष दात घासत बाहेर आला. त्याने एक पिल्लू उचललं, पोट दाबून पाहिलं आणि खाली ठेवलं. पिल्लू चार पायांवर उभं राहिलं, थरथरलं आणि आईच्या कासेकडे गेलं. त्याला भूक होती. पुढच्या दिवसांत सगळ्यांना हेच बघावं लागलं. पिल्लं शेवटपर्यंत पीत होती, आणि प्यालेलं दूध तसंच बाहेर पडत होतं.

घोटीपासून सहा किलोमीटरवर, वैतरण्याच्या रस्त्याला संघर्षची शेड आहे. माद्या बावीस. एका छपराखाली दहा गाळ्यांची बाळंतखोली, मधून उताराचं एकच गटार. बाहेर पत्र्याची दुसरी शेड, तिथे गाभण माद्या राहतात. शेतीत भात होतो, भाताच्या गिरण्या जवळ आहेत, त्यामुळे कोंडा आणि तूस यांची ददात नाही. आठ वर्षांपूर्वी संघर्षने सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडली, सरकारी केंद्रात वराहपालनाचं प्रशिक्षण घेतलं आणि पांढऱ्या जातीच्या माद्या आणल्या. त्याची बहीण नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. ती शेजारपाजारी 'भावाचा फार्म आहे' एवढंच सांगते. लोकांना वाटतं द्राक्षांचा असेल. ती दुरुस्त करत नाही.

नाताळानंतर कारखान्यातल्या जुन्या सुपरवायझरचा फोन आला होता. एक जागा आहे, फेब्रुवारीअखेरपर्यंत धरून ठेवतो, म्हणाला. संघर्ष हसून म्हणाला होता, गरज नाही. १० जानेवारीच्या संध्याकाळी त्याने तो नंबर पुन्हा शोधून ठेवला. बाळंतखोलीत व्यालेल्या पाच माद्या होत्या, त्यांची पिल्लं अठ्ठेचाळीस. फेब्रुवारीत आणखी नऊ माद्या विणार होत्या. त्याने संजनाला सांगितलं, ही गेली तर सोसू, पण नऊ जणींचीही गेली तर शेडला कुलूप.

त्याची आई आक्काबाई ओट्यावर बसून ऐकत होती.

रविवारी सकाळी नऊला डॉ. पल्लवी आल्या. त्या इंदिरानगरहून स्कूटीवर येतात, सोबत स्वतःचे गमबूट प्लास्टिकच्या पिशवीत. तोपर्यंत सात पिल्लं मेली होती. त्यांनी अंगणात पोतं अंथरून दोन पिल्लं फाडली. पोट दुधाच्या गुठळ्यांनी भरलेलं. त्याच्या पुढचं आतडं मात्र पातळ, आत पिवळं पाणी, आणि इतकं पारदर्शक की पलीकडचं पोतं दिसत होतं.

"कॅरीबॅगसारखं झालंय," संजना म्हणाली.

"तेच बघायचं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आतड्याच्या आतल्या बाजूला केस असतात. बारीक, दाट, मखमलीसारखे. दूध तेच शोषून घेतात. तुमच्याकडे भाताची आवणी झाल्यावर खाचर दिसतं ना हिरवंगार, तसं. हा विषाणू पोटातून उतरतो आणि त्या केसांच्याच पेशींत शिरतो. एक दिवसात सगळं खाचर कापून काढतो. मग दूध येतं, पण घेणारं कुणी नाही. न पचलेलं दूध अंगातलं पाणी ओढून घेतं आणि बाहेर पडतं. पिल्लू विषाणूने मरत नाही, सुकून मरतं."

"आणि मोठ्यांना?" संघर्षने विचारलं. "सात नंबर तर खातेय."

"मोठ्यांचेही केस कापले जातात. पण त्यांचं रोप खाली तयार असतं, दोन-तीन दिवसांत नवं वर येतं. तीन आठवड्यांच्या पिल्लाचंही तसंच. चार दिवसांच्या पिल्लाला त्याच कामाला आठवडा लागतो. तेवढं पाणी त्याच्या अंगात नसतं."

"म्हणजे आवणी उशिरा झाली," आक्काबाई ओट्यावरून म्हणाली.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "अगदी तसंच, आजी."

त्यांनी नमुने घेतले, बर्फाच्या डब्यात ठेवले. एक तपासणी आफ्रिकन स्वाइन फीवरसाठी. त्यात मोठीही मरतात आणि तो निघाला तर सरकार सगळा कळप मारून पुरतं. इथे मोठ्या माद्या उभ्या होत्या, त्यामुळे त्यांना तो वाटत नव्हता, पण बघावं लागतं. दुसरी तपासणी आतड्याच्या विषाणूंसाठी, त्यात कोरोनाच्या कुळातले दोन.

"कोरोना?" संघर्ष म्हणाला. "आता हे गावात कळलं तर आमच्या घरी पाणीसुद्धा कुणी पिणार नाही."

"नाव तेच, कूळ तेच. माणसाला लागत नाही. गावाला सांगायचं असेल तर माझा नंबर द्या." मग त्यांनी वही काढली. "गेल्या आठवड्यात बाहेरून कोण आलं? काय आलं?"

"गुरुवारी कोंड्याचा टेम्पो आला होता. ड्रायव्हर चपला घालून आत शिरला. मी ओरडलो त्याला."

"त्याआधी तो कुठे गेला होता?"

"सगळ्या जिल्ह्यात फिरतो तो."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "आणखी कुणी?"

संघर्षने मान हलवली. आक्काबाई उठून घरात गेली.

आक्काबाई एकाहत्तर वर्षांची आहे. तिचं लग्न होऊन ती या वस्तीत आली तेव्हा इथे एकवीस घरं डुकरं पाळत. आता हे एक. पोरं शिकली, कुणी शिक्षक झालं, कुणी एसटीत लागलं, काही नाशिकला गेली. डुकरं सुटली याचं कुणाला दुःख नव्हतं. वस्तीच्या नावाने बोट दाखवून हसणारे लोकही कमी झाले. आक्काबाईलाही दुःख नव्हतं, तसं ती सांगते. फक्त त्या कामातल्या बायकांची संगत गेली, एवढंच तिला आठवत राहतं.

ती संगत घोटीच्या आठवडे बाजाराची. भाताच्या पोत्यांच्या पलीकडे, चिंचेच्या झाडाखाली डुकरं पाळणाऱ्या बायका बसायच्या. आठ-दहा गावच्या. पिल्लं विकायची, तंबाखू मळायची, सासूच्या तक्रारी करायच्या. काळी, आखूड पायांची गावरान डुकरं. प्रत्येकीला नाव. आक्काबाईची चांदी होती, चांदीची लेक बिजली. संजना तिला आताही चिडवते, "आई, तुमच्या वेळेला नावं होती, आता नंबर हायत."

"नंबराला हाक मारून बघ, येती का ती," आक्काबाई म्हणते.

त्या बाजारात एक देणंघेणं चालायचं. एखाद्या घरी पिल्लं हगवणीने आजारली आणि त्यातली काही वाचली, तर त्या घरची बाई पुढच्या बाजारी पिल्लांखालचं मूठभर तूस पळसाच्या पानात बांधून आणायची. ज्या बाईची डुकरीण विण्याला महिनाभर उरला असेल तिला ते द्यायची. घेणारीने घरी जाऊन ते डुकरिणीपुढे टाकायचं, ती नाक घालून हुंगायची, थोडं खायची. एक दिवस पातळ हगायची, मग बरी व्हायची. तिची पिल्लं मात्र वाचायची. बायका त्याला वाण म्हणायच्या. संक्रांतीच्या वाणावरून थट्टेने पडलेलं नाव. देणारी म्हणायची, 'घे बाई वाण, पिल्लं राहू दे छान.' बाकीच्या हसायच्या.

त्याला एकच नेम होता. वाण घातल्यापासून पाच दिवस त्या घरच्या माणसाने दुसऱ्या घरी जायचं नाही, दुसऱ्याने तिथे यायचं नाही. पाच दिवस उंबरा बंद. असं का, हे कुणी सांगत नव्हतं. आक्काबाईचा नवरा काळू एकदा त्या पाच दिवसांत शेजारी पत्ते खेळायला गेला होता. शेजारणीची नऊ पिल्लं गेली. ती बाई त्याच्याशी दोन वर्षं बोलली नाही.

गुरुवारी, ८ जानेवारीला, आक्काबाई लंकाबाईला भेटायला गेली होती. चिंचेखालच्या बायकांपैकी डुकरं राखून असलेली ही एकटीच उरली होती. ती नाशिकच्या अलीकडे महामार्गाला लागून राहते. रस्ता रुंद व्हायचा आहे, तिचं छप्पर मार्चपर्यंत जाणार. तीन माद्या आणि पिल्लं ती महिन्याभरात विकणार होती. ते ऐकून आक्काबाई सकाळच्या एसटीने गेली.

दोघी दोन तास बोलल्या. कोण कधी मेलं, कुणाची नात काय शिकते, चिंच कधी तोडली. लंकाबाईने बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. निघताना आक्काबाई म्हणाली, "पिल्लं बरी हायत ना तुझी?"

"मागं तीन आठवड्यांखाली हगली सगळी. दूध बाधलं आसंल. तिघं गेली, बाकीची हिंडत्यात." लंकाबाई थांबली. "तुझ्या पोराकडं कुणी भरत आली हाय का?"

"हाय की. चौदा नंबर. फेब्रुवारीच्या सुरुवातीला."

"चौदा नंबर," लंकाबाई म्हणाली. "आगं आक्के, म्हशीला तरी नाव ठेवत्यात. थांब जरा."

ती आत गेली आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत काहीतरी बांधून घेऊन आली. पळसाचं पान आता कुठून आणायचं. "हे शेवटचं. परत हितं यायची नाय तू आन् द्यायची नाय मी. घे बाई वाण."

"पिल्लं राहू दे छान," आक्काबाई म्हणाली. दोघी हसल्या. लंकाबाईच्या तोंडात दोनच दात उरले होते.

आक्काबाई दुपारी अडीचला घरी पोहोचली. संघर्ष टेम्पोतली पोती उतरवून घेत होता, संजना आत होती. बाहेरच्या शेडचे दोन पत्रे वाऱ्याने उडाले होते म्हणून चौदा नंबरला बाळंतखोलीतच आणून ठेवलं होतं, पहिल्या गाळ्यात, उताराच्या वरच्या टोकाला. आक्काबाईने पिशवी सोडली, मूठ तिच्यापुढे टाकली. चौदा नंबरने नाक घातलं. आक्काबाई थोडा वेळ बघत उभी राहिली. मग हात धुतले आणि ओट्यावर येऊन बसली.

त्यानंतर तिने नेम पाळला. शुक्रवारी शेजारच्या घरी बारसं होतं, ती गेली नाही, गुडघा दुखतो म्हणाली. त्या घरात वीस वर्षांपूर्वीच डुकरं सुटली होती. इकडे शुक्रवारी सकाळी संजनाने नेहमीप्रमाणे पहिल्या गाळ्यापासून पाण्याची नळी सोडली, एकच फावडं घेऊन दहाही गाळे ओढले. पाणी चौदाच्या गाळ्यातून निघून सात, तीन, एकोणीस, पाच, अकरा असं सगळ्यांच्या पुढून वाहत गेलं. गाळ्यांना उंबरे नव्हते.

मंगळवारी पहिला अहवाल आला. आफ्रिकन स्वाइन फीवर नाही. बुधवारी संक्रांत होती. त्या दिवशी एकोणीस नंबरची शेवटची दोन पिल्लं गेली. संजना दर दोन तासांनी सिरिंजने मीठ-साखरेचं पाणी पाजत होती, बल्ब लावत होती, तूस बदलत होती. पाच नंबरच्या दहापैकी चार त्यात टिकली. अकरा नंबरची आठही टिकली. ती बावीस दिवसांची होती, वाळली, पण उभी राहिली. अठ्ठेचाळीसपैकी छत्तीस मेली. संघर्षने शेताच्या कडेला खड्डा खणला आणि चुन्याची पोती ओतली. टेम्पोवाल्याला फोन करून त्याने असं काही सुनावलं की तो पुन्हा कोंडा आणायला तयार होईना.

आक्काबाईने ते बोलणं ऐकलं. त्या दिवशी ती जेवली नाही. संजनाने विचारलं तर म्हणाली, "पोट भरलंय."

गुरुवारी, १५ तारखेला, दुपारी बाराला डॉ. पल्लवी दुसरा अहवाल घेऊन आल्या. आतड्याचा कोरोना विषाणू सापडला होता. सगळे अंगणात बसले. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेल्यांचं काही करता येणार नाही, आता विचार नऊ माद्यांचा.

"याच्यावर पिल्लाला देता येईल असं औषध नाही. एकच गोष्ट आहे, आईचं दूध. मादीला हा आजार विण्याआधी होऊन गेला असेल, तर तिच्या आतड्याला त्याची ओळख होते. ती ओळख तिच्या दुधात उतरते. पिल्लू दर तासा-दोन तासांनी पितं, ते दूध आतून सारवून काढतं. शेणाने जमीन सारवतो तसं. सारवण चालू आहे तोवर विषाणूला चिकटायला जागा नाही. दूध तुटलं की सारवण तुटलं. म्हणून एकदा पाजून भागत नाही."

"मग हे पाच जणींच्या दुधात का नव्हतं?" संजनाने विचारलं.

"त्यांनी हा विषाणू कधी पाहिलाच नव्हता. तुमची शेड स्वच्छ होती, हाच त्रास. आता मला सांगा, नऊपैकी कुणाला पातळ हगवण झाली आणि कोणत्या दिवशी? ती विण्याआधी किमान दोन-तीन आठवडे होऊन गेलेली हवी."

संजना रोजची टिपणं कॅलेंडरवर लिहिते. तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं. पाच जणींना बारा ते चौदा तारखेच्या दरम्यान. तिघींना अजून नाही, त्या बाहेरच्या शेडच्या लांबच्या टोकाला. "आणि चौदा नंबर, नऊ तारखेला. खाल्लं नाही, पातळ. दहाला बरी."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "नऊला? शुक्रवारी?"

"हो."

"पिल्लं शनिवारी सकाळी ओकली. म्हणजे सुरुवात चौदापासून झाली. टेम्पोवाला चौदाच्या गाळ्यापर्यंत गेला होता का?"

संघर्ष आठवून म्हणाला, "नाही. दारातून दोन पावलं आत आला, तिथेच अडवला मी त्याला."

"मग चौदाकडे काय आलं? आणि कधी? मला तारीख पक्की हवी. त्यावर दुधाचा हिशेब आहे."

आक्काबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"म्या घातलं," ती म्हणाली. "गुरुवारी. अडीच वाजता."

तिने सगळं सांगितलं. लंकाबाई, दुधाची पिशवी, मूठभर तूस. मधे थांबली नाही, रडलीही नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "त्या टेम्पोवाल्याला फोन कर. त्याचं काय नाय यात."

संघर्ष उठला. नळाखाली जाऊन त्याने गमबूट धुतले. ते आधीच धुतलेले होते. मग तो तसाच उभा राहिला, पाठ करून. संजना त्याच्याकडे बघत होती आणि आक्काबाई जमिनीकडे.

"चार दिवस गप्प बसलीस," तो म्हणाला.

"हां."

"छत्तीस गेली, आई."

"मोजलीत मी बी."

डॉक्टर म्हणाल्या, "आजी, तुम्ही केलं त्याला आमच्या पुस्तकात नाव आहे. मोठ्या फार्मवर हेच करतात, माहीत असून, मोजून. तुमची तारीखही बरोबर होती. पंचवीस दिवस आधी. चूक एवढीच झाली की शेजारी तान्ह्या पिल्लांच्या आया होत्या."

"आमच्या येळंला शेजार अर्ध्या मैलावर होता," आक्काबाई म्हणाली. "मी उंबरा पाळला. बारशाला नाय गेले. मला काय ठावं, उंबरा आता शेडीच्या आत लागतो."

संजनाला हसू आलं आणि तिने ते पदराने दाबलं. मग ते हसू नव्हतं हे सगळ्यांना कळलं. बुधवारच्या पिल्लांना शेवटचं पाणी तिनेच पाजलं होतं.

संघर्ष परत येऊन बसला. त्याने आईकडे पाहिलं नाही, पण प्रश्न तिलाच केला. "किती घालायचात तुम्ही बायका?"

"मूठभर."

"ओलं का सुकं?"

"ओलं. सुकलेल्याला गुण नसतो. उन्हात पडलं तर फेकून द्यायचो."

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "उन्हात आणि सुकल्यावर तो टिकत नाही."

उरलेल्या तीन माद्या २० फेब्रुवारीनंतर विणार होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की त्यांनाही मुद्दाम आजार द्यायचा असेल तर आजच द्यावा लागेल. त्याच तुसाबरोबर दुसरा एखादा आजार गेला तर ते त्यांच्या हातात नाही, निर्णय घरच्यांनी घ्यायचा. संघर्षने पाच मिनिटं घेतली. मग म्हणाला, "आई, चल. दाखव कसं ते."

त्या दोघांनी पाच नंबरच्या गाळ्यातून तूस घेतलं. आक्काबाईने तीन मुठी वेगळ्या केल्या, हातानेच तोलून. लांबच्या शेडमध्ये तिने एकेकीपुढे मूठ टाकली. टाकताना ती काहीतरी पुटपुटली. संघर्षने विचारलं, काय म्हणालीस. ती म्हणाली, काही नाही, जुनं आहे.

पुढच्या दोन आठवड्यांत बाळंतखोली रिकामी केली. गरम पाण्याने, साबणाने, मग औषधाने धुतली. चुना मारला आणि नऊ दिवस सुकू दिली. आक्काबाई रोज सकाळी दाराशी स्टूल टाकून बसायची, आत जायची नाही. तिच्या सांगण्यावरून संघर्षने प्रत्येक गाळ्याला सिमेंटचा वीतभर उंबरा घातला आणि प्रत्येक गाळ्याचं गटार वेगळं बाहेर काढलं. दहा फावडी आणली, दांड्यांना दहा रंग. निळं फावडं चुकून पिवळ्याच्या गाळ्यात दिसलं तर आक्काबाई ओरडायची. संजना म्हणाली, "आई, तुम्ही सासू होतात तेच बरं होतं, आता इन्स्पेक्टर झालात."

"सासूचं कुठं ऐकत होतीस," आक्काबाई म्हणाली.

संघर्ष तिच्याशी कामापुरतं बोलत होता. एका दुपारी चहा घेताना मात्र त्याने विचारलं की चिंचेखाली नेमक्या कुठल्या कुठल्या गावच्या बायका बसायच्या. तिने सात गावं सांगितली, आठवं आठवेना. ती संध्याकाळपर्यंत आठवत राहिली.

२३ जानेवारीला डॉ. पल्लवी लंकाबाईकडे नमुने घ्यायला गेल्या. आजार तिथून आला का हे त्यांना पक्कं करायचं होतं. माद्या आणि पिल्लं आधीच्या सोमवारी विकली गेली होती. गोठ्याची जमीन खरवडून, चुना टाकून झाली होती, मोजणीचे दगडही लागले होते. विकत घेणारा कुठला, ते लंकाबाईला माहीत नव्हतं. तिने डॉक्टरांना भाकरी खायला बसवलं आणि आक्काबाईसाठी निरोप दिला, की वाण लागलं का ते कळव.

सोमवार, २ फेब्रुवारी. चौदा नंबर सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी विऊ लागली, नऊ पस्तीसला मोकळी झाली. बारा पिल्लं, त्यातलं एक मेलेलं. अकरा जिवंत पिल्लांनी पहिल्या तासात चीक घेतला. संघर्षने मोबाईलवर वेळ लिहून ठेवली. त्या दिवशी सातपूरहून सुपरवायझरचा फोन आला होता. तो म्हणाला, शनिवारी सांगतो.

मंगळवार कोरडा गेला. बुधवारही. आक्काबाई दिवसभर स्टुलावर होती, आत बघत, उंबऱ्याच्या बाहेर.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. सकाळी दहा चाळीसला संजनाला दोन पिल्लांच्या शेपटीखाली ओलं दिसलं. पिवळट, पातळ. ओकलेलं कुठे नव्हतं. बाकीच्या नऊ जणांची जागा कोरडी. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की तान्ह्या पिल्लांना पातळ होण्याची दहा कारणं असतात, नमुना पाठवा. संघर्षने दोन नमुने बर्फाच्या डब्यात भरून साडेअकराच्या एसटीने नाशिकला पाठवले. अहवाल शनिवारपर्यंत येईल असं सांगण्यात आलं आहे. दुपारी एक वाजता दोन्ही पिल्लं उठून कासेला लागली होती आणि अकराही पीत होती.